मठाच्या रानावर तीन फेऱ्या

१० जानेवारी १९४४, सोमवार

रोजनिशी ठेवायला आमच्या तळावर बंदी आहे. शत्रूच्या हाती लागली तर काय, असं वरच्यांचं म्हणणं. पण ही वही विमानात जाणार नाही, गादीखाली राहील. युद्धाआधी मी जमिनी मोजायचो, आणि मोजणीदाराला दिवसाचं टिपण त्याच दिवशी उरकायची खोड असते. ती सुटत नाही.

शनिवारपासून मी म्होरक्या विमानाचा मार्गदर्शक झालोय. आमची फ्रेंच तुकडी इंग्लंडातून उडते, सहा सहा विमानांचा थवा करून. नेम धरायचा तो फक्त म्होरक्या विमानाच्या काचेच्या नाकाडात पालथ्या पडलेल्या माणसाने, म्हणजे आता मी. माझे बॉम्ब सुटलेले दिसले की बाकीचे पाच जण आपापली बटणं दाबतात. माझा अंगठा चुकला की चोवीस बॉम्ब चुकले.

वैमानिक कर्मारेक आहे, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. त्याची कसर मागचा मशीनगनवाला ताबार भरून काढतो. तो अल्जीरियातल्या ओरानचा.

"आता तू मोठा माणूस झालास, ब्रेसाँ. तुझी कॉफी मीच आणायची का रोज?"

"कॉफी असेल तर आण."

"इंग्रज तिला कॉफीच म्हणतात बाबा. आपण पाहुणे, काय बोलणार."

ब्रेसाँ हे माझं खरं नाव नव्हे. इथे निम्म्यांची नावं खोटी आहेत, कारण घरची माणसं जर्मनांच्या मुठीत. आपण पकडले गेलो तर त्यांना त्रास नको. मी माझं नाव बेरूतच्या एका औषधाच्या दुकानावरच्या पाटीवरून उचललं. खरं नाव इथे कोणी विचारत नाही. विचारणं वाईट दिसतं.

१३ जानेवारी, गुरुवार

उद्याचं लक्ष्य दाखवलं. भिंतीवरचा पडदा बाजूला झाला आणि मला पहिल्यांदा दिसला तो ओढा. नाव वाचायची गरजच पडली नाही. एर्कूर.

गावाच्या उत्तरेला मठाचं रान आहे. त्या रानाच्या कडेला जर्मनांनी काहीतरी बांधलंय. काँक्रीटच्या तीन लांब वाकड्या खोल्या, आणि एक उताराचा रूळ, त्याचं तोंड सरळ लंडनकडे. त्यावरून बिनमाणसाचे अग्निबाण सुटणार अशी कुजबुज आहे. वरचे फक्त 'बांधकाम' म्हणतात. फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर असली बांधकामं शेकड्याने आहेत. आमच्या वाट्याला नेमकं हे आलं.

रुळाच्या पूर्वेला साडेतीनशे मीटरवर आमचं घर आहे. तीनशे अठ्ठेचाळीस. सतरा वर्षांचा असताना मी स्वतः साखळी धरून मोजलंय.

कमांडंट ओबर्तँ फ्रान्समधल्या प्रत्येक लक्ष्याआधी एकच प्रश्न विचारतात. आजही विचारला. "इथे कोणाचं कोणी आहे? असेल त्याने बाहेर थांबावं. कारण सांगायला नको." मागच्या महिन्यात रुआं शहराच्या वेळी दोघे उठून गेले होते. त्यांना कोणी चकार शब्दाने बोललं नाही.

मी उठलो नाही. उठलो असतो तर माझ्या जागी नेम मार्सोने धरला असता. मार्सो भला माणूस आहे, पण त्याला तिथे झाडंच दिसणार. मला वीत न् वीत ठाऊक आहे. मी तिथे असणं सगळ्यांच्याच फायद्याचं आहे. यात भावनेचा काही भाग नाही, सरळ हिशेब आहे.

आई तिथे असेल. जून १९४० पासून तिची खबर नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार

जाऊन आलो, सहाच्या सहा परत. किनारा ओलांडला तसा तोफांचा मारा सुरू झाला. काळे गोळे फुटायचे आणि पत्र्यावर कोणीतरी मूठभर खडे मारल्याचा आवाज यायचा. पश्चिमेकडून पूर्वेला शिरलो, बारा हजार फुटांवरून. आधी कार्लिएंचं शेत, मग रान, रूळ, आणि त्यापलीकडे आमचं छप्पर. ते छप्पर मला दिसलं. चार वर्षांनी मी माझं घर पाहिलं आणि ते पोटावर पालथं पडून, बॉम्ब टाकताना.

अंगठा दाबला. कर्मारेकने वळण घेतलं. खाली रानाच्या अलीकडे धूर उठला.

बॉम्ब थोडे अलीकडे पडले असावेत. समोरून वारा होता.

१६ जानेवारी, रविवार

फोटोंच्या खोलीत गेलो. तिथे मिस प्रायर बसतात, इंग्रज हवाई दलाच्या बाई. वय तिशीचं, नाक सतत सर्दीने लाल. फोटो बघण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

"तीनशे मीटर अलीकडे, लेफ्टनंट. रूळ शाबूत आहे. काही बॉम्ब शेतात, काही त्या मोठ्या वाडीवर."

"वारा चुकीचा सांगितला होता आम्हाला."

"असेल," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

मग त्यांनी आणखी एक फोटो दाखवला. टेहळणीचं एकटं विमान परवा झाडांच्या उंचीवरून गेलं होतं, त्याने काढलेला. त्यात आमचं घर होतं. विहीर, सफरचंदाची झाडं, सगळं. आणि अंगणात दोन दोऱ्या भरून पांढरं धुणं.

"मोठं कुटुंब दिसतंय," प्रायर म्हणाल्या. "वीसेक चादरी तरी असतील."

बाहेर येऊन सायकलींच्या शेडमागे उभा राहिलो आणि रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ती जिवंत आहे. धुणं वाळत घालते आहे. चादरी जरा जास्तच वाटल्या खऱ्या, पण तिचा स्वभावच तसा, आसपासच्या निर्वासितांना घेतलं असेल ठेवून. दारात आलेल्याला ती कधी परत पाठवत नाही.

२२ जानेवारी, शनिवार

आठवडाभर धुकं. जेवणात रोज उकडलेला कोबी. ताबारने स्वयंपाक्याला विचारलं, कोबीने तुझं काय वाकडं केलंय. स्वयंपाक्याला फ्रेंच येत नाही, तो हसला आणि त्याने आणखी एक डाव वाढला.

वाऱ्याचे जुने तक्ते काढून पुन्हा गणित केलं. त्या दिवशी त्या उंचीवर समोरचा वारा जवळजवळ नव्हताच असं येतंय. तक्त्यात चूक असणार.

२८ जानेवारी, शुक्रवार

आज पुन्हा मठाचं रान. कमांडंटनी प्रश्न विचारला, मी बसून राहिलो.

या वेळी तोफा आमची वाटच बघत होत्या. मागच्या खेपेनंतर त्यांनी आणखी चार आणून ठेवल्यात. नेम धरल्यापासून बॉम्ब सुटेपर्यंत विमान सरळ रेषेत ठेवावं लागतं, तेवढ्यात चौथ्या विमानाच्या उजव्या इंजिनाने पेट घेतला. ते पेरोचं विमान. एकच हवाई छत्री उघडली. कोणाची ते कळलं नाही.

बॉम्ब अलीकडे पडले. मागून ताबारचा आवाज कानात आला, "पुन्हा तिथेच." एरवी तो लांबण लावतो. आज तेवढंच बोलला.

पेरोची खाट माझ्या खाटेला लागून होती. संध्याकाळी दोघांनी येऊन त्याचं सामान बांधून नेलं. खाटेवर आता नुसती गुंडाळलेली गादी आहे. मी तिच्याकडे पाठ करून लिहितोय.

२९ जानेवारी, शनिवार

मिस प्रायरनी दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी ठेवले होते. कमांडंट उभे होते.

"पहिल्यांदा तीनशे, काल दोनशे नव्वद," त्या म्हणाल्या. "एकाच रेषेत, एकाच बाजूला. वारा रोज बदलतो, लेफ्टनंट. हे बदललेलं नाही."

"नेम धरायच्या यंत्रात दोष असेल."

"यंत्र काल तपासलं," कमांडंट म्हणाले. "ठणठणीत आहे."

तीनशे मीटर म्हणजे आमच्या वेगाला तीन सेकंद. तीन सेकंद आधी दाबलं जातंय. मी त्यांना म्हटलं, थंडीने बोटं आखडतात.

मग कमांडंटनी खरी बातमी सांगितली. वरच्यांचा धीर संपला. आठ तारखेला हे लक्ष्य अमेरिकन चार इंजिनी विमानांकडे जाणार. शंभरावर विमानं, वीस हजार फुटांवरून. त्या उंचीवरून ते रूळ बघत नाहीत, सगळा गाव नांगरून काढतात. हवा साफ झाली तर त्याआधी आम्हाला एक संधी आहे. रूळ मोडला तर अमेरिकन दुसरीकडे जातील.

एर्कूरमध्ये एकशे साठ घरं आहेत. मी त्यांतल्या बहुतेकांच्या हद्दी मोजल्यात.

३१ जानेवारी, सोमवार

दुपारी कर्मारेक मला धावपट्टीच्या कडेने फिरायला घेऊन गेला. बराच वेळ आम्ही चिखल तुडवत राहिलो. मग त्याने विचारलं.

"तुझं कोण आहे तिथे?"

"कुठे?"

"वेड पांघरू नकोस. त्या रानावर बॉम्ब सोडायच्या आधी तू श्वास सोडतोस. कानावर येतो माझ्या. इतर कुठे मी तो ऐकला नाही."

मी म्हटलं, थंडी.

"बरं, थंडी. मग मी दुसरा मार्गदर्शक मागतो. पेरोच्या विमानात तिघं होते, फिरून तेच होणार असेल तर मी तुला घेऊन जाणार नाही."

मग मी सांगितलं. घर, आई, तीनशे अठ्ठेचाळीस मीटर. खरं नावही सांगितलं, फिर्मँ वातेल. तोंडातून निघताना ते मला दुसऱ्याच कोणाचं वाटलं.

त्याने सिगारेट पेटवली. "माझं खरंच कर्मारेक आहे," तो म्हणाला. "बदलायची गरज पडली नाही. घरी कोणी उरलेलं नाही."

मी म्हटलं, आपण उत्तरेकडून शिरू. म्हणजे घर नेमाच्या रेषेत येणार नाही, अंगठा आपोआप सरळ राहील. त्याने नकाशा उघडला आणि तोफांच्या जागा बोटाने दाखवल्या. उत्तरेकडून गेलं तर आठही तोफांच्या डोक्यावरून जावं लागतं.

"सहा विमानं, वीसेक माणसं," तो म्हणाला. "तू सांग."

मी नकाशा घडी करून त्याच्या खिशात घातला.

१ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी आम्ही दोघे कमांडंटकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"नावं लपवायला मीच सांगितलं तुम्हा सगळ्यांना," ते म्हणाले. "पण जर्मनांपासून. माझ्यापासून नव्हे."

त्यांनी लंडनला फोन लावला. एर्कूरमध्ये आमची गुप्तपणे काम करणारी माणसं आहेत, त्यांचे निरोप तिथल्या फ्रेंच कचेरीत जमा होतात. वैमानिकांना ते दाखवत नाहीत. दोन तास बाहेरच्या बाकावर बसलो. मग कमांडंटनी आत बोलावलं आणि समोरच्या कागदावरून वाचलं.

रुळाच्या पूर्वेची सगळी घरं जर्मनांनी ऑक्टोबरातच रिकामी करून घेतली. विधवा वातेल हिच्या घरात तोफखान्याचे तीस जवान राहतात. घराबाहेर काढलेल्यांना रानाच्या पश्चिमेला कार्लिएंच्या वाडीत, कोठारात आणि गोठ्यांत जागा दिली आहे. हा निरोप डिसेंबरचा आहे.

कार्लिएंची वाडी म्हणजे रुळाच्या अलीकडे तीनशे मीटर.

कमांडंटनी पाण्याचा पेला पुढे केला. त्या चादरी जर्मनांच्या होत्या. मी जर्मनांच्या झोपायच्या जागा सांभाळत होतो, दोनदा, एवढ्या अचूकपणे.

"दोन्ही फेऱ्यांनंतरचा निरोप?" मी विचारलं.

"अजून आलेला नाही. मागवलाय."

"मला उतरवा. मार्सोला द्या."

कमांडंट कर्मारेककडे वळले. कर्मारेक खिडकीपाशी होता. "मला हाच हवा," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "आता दोन्ही बाजूंना तुझं काहीतरी आहे. बरंच झालं. मधे टाक."

४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाऊस. आठ तारखेला चार दिवस उरले. काल रात्री कर्मारेकने ताबारला सगळं सांगितलं असावं, कारण आज त्याने मला कॉफी आणून दिली.

अंगठ्याचा सराव करतोय. हँगरमध्ये उभ्या विमानाच्या नाकाडात पालथं पडायचं, जमिनीवर खडूची खूण, एक मेकॅनिक दोरीने ती माझ्याखालून ओढतो. खूण नेमाच्या यंत्रातल्या काट्यावर आली की दाबायचं. पहिले दहा वेळा मी उशिरा दाबलं. आधी घर वाचवत होतो, आता वाडी. मग मी मेकॅनिकला म्हटलं, खुणेला नाव नाही, काही नाही, नुसता खडू आहे असं मला ओरडून सांगत राहा. तो बिचारा इंग्रज, तासभर 'खडू, खडू' म्हणत दोरी ओढत होता.

६ फेब्रुवारी, रविवार

हवा साफ. अकराला उडालो.

कर्मारेक म्हणाला, "मी सरळ ठेवतो. तू घाई करू नको आणि उशीर करू नको." किनारा, तोफा, मग ओढा. काट्यात कार्लिएंची वाडी आली. कोठाराचं अर्धं छप्पर नव्हतं. कोणीतरी अंगणातून पळत होतं, एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही हे मला माहीत आहे, तरी मला दिसलं. अंगठा बटणावर होता आणि तो दाबला जाऊ नये म्हणून मी मोठ्याने आकडे मोजत होतो. एक. पोटाखालून पत्रा थडथडला. दोन. ताबार मागून ओरडत होता, डाव्या पंखाला भोक पडलं म्हणून. तीन. रान. मग काट्यात रूळ आला, काळा, बारीक, आणि त्यापलीकडे आमचं छप्पर, आणि मी दाबलं.

वळणावर मान वळवून पाहिलं. रूळ होता तिथे माती उभी राहिली होती.

सहाही विमानं परतली. आमच्या डाव्या पंखात ताबारचं डोकं जाईल एवढं भोक आहे, त्याने घालून दाखवलं.

७ फेब्रुवारी, सोमवार

मिस प्रायर स्वतः भोजनगृहात आल्या, फोटो काखेत. रूळ दोन ठिकाणी तुटला. तीनांतली एक लांब खोली उघडी पडली. अमेरिकनांचं उद्याचं उड्डाण दुसऱ्या लक्ष्यावर हलवलं. एर्कूर यादीतून काढलं.

आमच्या घराचा परसदाराकडचा कोपरा पडलाय. त्या बाईंना आता माहीत आहे. त्या म्हणाल्या, "मला माफ करा, त्या चादरींबद्दल मी बोलायला नको होतं." मी म्हटलं, तुम्ही जे दिसलं ते सांगितलंत, मी नाही.

ताबारने कुठूनतरी कॅल्वाडोसची, आमच्याकडच्या सफरचंदाच्या दारूची, बाटली पैदा केली. सगळ्यांनी प्यायली. मीही प्यालो.

९ फेब्रुवारी, बुधवार

निरोप आला. कमांडंटनी दार लावून घेतलं आणि विचारलं, वाचून दाखवू की स्वतः वाचतोस. मी म्हटलं, तुम्हीच वाचा.

चौदा जानेवारीच्या हल्ल्यात कार्लिएंच्या कोठारात पाच माणसं गेली. अठ्ठावीसच्या हल्ल्यात कोणी नाही, कारण तोवर लोक विमानांचा आवाज आला की ओढ्यात जाऊन पडायला शिकले होते. मग त्यांनी नावं वाचली. ओदील कार्लिए. तिची सून ब्लांश. चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा आनात्योल. लाव्हँचांच्या घरची नर्मेल, माझ्या वर्गातली. आणि ब्लांशची मुलगी, नाव दिलेलं नाही, वय दोन.

यादी संपली आणि तीत आई नव्हती, तेव्हा मला आनंद झाला. एक पूर्ण श्वासभर, छाती भरून. हे मी लिहून ठेवतो, कारण ही वही खोटं लिहायला ठेवलेली नाही. त्यानंतर जे वाटलं ते लिहिता येत नाही.

निरोपात खाली आणखी एक ओळ होती. विधवा वातेल सुखरूप असून जखमींची काळजी घेते.

जखमींचीच नव्हे. आमच्या गावात कोणी गेलं की आईला बोलावतात. आंघोळ घालणं, केस विंचरणं, हनुवटी बांधणं, सगळं तिच्याकडे. तीस वर्षं तेच करत आली आहे, आणि कोण कसं गेलं, कोणाच्या अंगावर काय होतं, हे ती कधी विसरत नाही. त्या पाचही जणांना तिनेच आंघोळ घातली असणार. त्या लहानीलाही.

युद्ध संपेल. मी घरी जाईन. ती मला टेबलाशी बसवून सूप वाढेल आणि एकेकाचं सांगायला लागेल, ओदीलपासून, सगळं नीट, काही न गाळता. मी ऐकत बसेन. आणि सांगून झालं की ती विचारेल, तू कुठे होतास रे तेव्हा?